उपाशी रांग

माझं काम झाडांना उपाशी ठेवण्याचं होतं, आणि त्या कामात मी तरबेज होतो. मेलबर्नच्या पश्चिमेला, पॉइंट कुकच्या आमच्या घरापासून फ्रीवेने बरंच पुढे गेल्यावर एक काचघर होतं. रस्त्यावर पाटी नाही, कुंपणाला तारा, कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे. आत औषधी गांजा वाढायचा. रीतसर परवान्याचा, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या तेलासाठीचा. नातेवाइकांना मी 'हॉर्टिकल्चर' सांगायचो, बायको 'फार्मा' सांगायची. खोलात शिरायची कुणालाच हौस नसायची, त्यामुळे दोन्ही खपून जायचं.

आमच्या झाडांना माती नसायची. नारळाच्या काथ्याचा भुसा भरलेल्या पिशव्या, प्रत्येक पिशवीत एक बारीक नळी आणि नळीतून थेंब थेंब येणारं खताचं पाणी. त्या पाण्यात काय आणि किती घालायचं ते मी ठरवायचो. स्फुरद, पालाश, कॅल्शियम आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे नत्र, आपल्याकडे जे युरियातून देतात ते. नत्र भरपूर दिलं की झाड हिरवंगार होतं, पानांनी भरतं, बघणारा खूश होतो. पण आम्हाला पानं विकायची नव्हती. औषध असतं फुलावरच्या चिकट राळेत, आणि त्यातल्या मुख्य औषधी द्रव्यांमध्ये नत्राचा कणसुद्धा नसतो. फुलं धरायच्या वेळी नत्र तोडलं की झाडाला नवी पानं फोडणं जमत नाही, मग हाताशी असलेला माल ते राळेकडे वळवतं, असा आमचा अंदाज होता. तो तपासायला मी तीन रांगा लावल्या: एक पोटभर, एक बेताची आणि एक उपाशी.

मॅनेजर गोरा होता, आधी टोमॅटो लावायचा. 'उपाशी' हा शब्द त्याने माझ्याकडून उचलला आणि रोज सकाळी मास्कच्या आतून तोच विचारायचा, "हाऊज अवर उपाशी?" मी सांगायचो, खालची पानं पिवळी पडायला लागली. नत्र कमी पडलं की झाड आपल्या जुन्या पानांतलं काढून वरच्या कोवळ्या पानांना देतं. जुनी पानं पिवळी होऊन गळतात, शेंडा तेवढा हिरवा राहतो. मॅनेजर मान डोलवायचा. "लेट देम सफर अ बिट, मेट," म्हणायचा, आणि कॉफी घ्यायला जायचा.

हे सगळं महामारीच्या पहिल्या वर्षातलं. त्या वर्षाच्या सुरुवातीला माझे वडील, अण्णा, आमच्याकडे आले होते. इकडचा उन्हाळा संपेपर्यंत राहायचं आणि परत जायचं असं ठरलं होतं. मग विमानं बंद झाली, हद्दी बंद झाल्या, आणि अण्णा आमच्या घरात अडकले. लोक म्हणायचे, किती छान, नातीला आजोबांचा सहवास मिळतोय. मी हो हो म्हणायचो.

अण्णांचं कराडला खतांचं दुकान होतं. जन्मभर युरियाच्या गोण्या विकल्या. उभ्या पिकाला भरपूर घाला, हिरवं दिसलं पाहिजे, असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे. घरात मात्र त्यांचा नियम उलटा होता. रात्री ताटं वाढली की मी आणि दादा पाढे म्हणायचो. पाढा बिनचूक म्हटला तर जेवायचं. चुकलात तर अण्णा ताटावर दुसरं ताट पालथं घालायचे आणि वर पाण्याचा तांब्या ठेवायचे. मारायचे नाहीत, ओरडायचे नाहीत. शांतपणे स्वतः जेवायचे. आई खाली बघून जेवायची. आपण समोर बसून राहायचं, कारण उठायलाही परवानगी लागायची. दादा एकोणतीसच्या पाढ्यात दरवेळी अडकायचा, आणि त्याला तो अजून येत नाही. पन्नाशीला आलेला माणूस आजही असा जेवतो की बघणाऱ्याला वाटावं, मागून कुणीतरी ताट ओढतंय.

म्हणून अण्णा आले त्या आठवड्यातच मी त्यांना बजावलं. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. म्हटलं, "अण्णा, तुम्ही तिला काय वाटेल ते शिकवा. पण तिच्या ताटाला हात लावायचा नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना काही बजावत होतो, माझा आवाज चिरकला. अण्णा हसले. "मी आता म्हातारा झालो रे. मला काय करायचंय?" मला वाटलं, जिंकलो. त्या घरात मला राखायची होती ती एकच गोष्ट: माझ्या पोरीच्या जेवणावर झाकण पडता कामा नये.

जुलैत, इकडच्या हिवाळ्यात, मेलबर्न दुसऱ्यांदा बंद झालं. शाळा लॅपटॉपवर आली. माझं काम अत्यावश्यक ठरलं, त्यामुळे परमिट खिशात घालून मी पहाटे निघायचो आणि दुपार टळल्यावर यायचो. बायको आयटीत, तिचं ऑफिस आमच्या बेडरूममध्ये आलं. दार बंद, कानांवर हेडसेट, आणि नेमकी दुपारच्या जेवणाच्या वेळेला रोजची मीटिंग. एक दिवस अण्णा तिला म्हणाले, "तू काम कर. पोरीला मी वाढत जाईन." बायको हरखली. सून काम करतेय आणि सासरे नातीला वाढतायत, हे तिने माहेरी सांगितलं, मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं. सकाळी ती डाळ-भात, भाजी, पोळ्या करून ठेवायची. अण्णा मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचे. त्यासाठी आमच्याकडे काचेचं एक झाकण होतं, ताटलीवर बरोबर बसणारं.

त्याच सुमारास लॅबचा पहिला रिपोर्ट आला, कापणीआधी काढलेल्या नमुन्यांचा. उपाशी रांगेच्या फुलांत टीएचसी आणि सीबीडी, म्हणजे ज्या दोन द्रव्यांसाठी हा सगळा खटाटोप चालतो ती, दोन्ही पोटभर रांगेपेक्षा टक्केवारीत जास्त निघाली. मॅनेजरने माझ्या पाठीवर थाप मारली आणि अंतर ठेवायचं राहिलं म्हणून लगेच हात सॅनिटाइझ केला. मी गाडीत एकटाच मोठमोठ्याने गाणी म्हणत घरी आलो.

रात्री जेवताना मी ते सगळं सांगितलं. बायकोला, पण ऐकलं अण्णांनी. खताचा विषय होता ना. इतकी वर्षं माझ्या कामाबद्दल त्यांनी एक प्रश्न विचारला नव्हता.

"म्हणजे युरिया बंदच केलास?"

"बंद नाही, पण अगदी नावाला. फुलं धरली की तोडायचं."

"आणि झाड मेलं नाही?"

"पिवळं पडलं. पण औषध वाढलं. उपाशी ठेवलं की गुण वाढतो, अण्णा."

त्यांनी घास खाली ठेवला. "हे मोजलंय?"

"लॅबने मोजलंय."

"गोऱ्यांच्या लॅबने?"

"हो."

उरलेलं जेवण त्यांनी सावकाश, चवीने संपवलं. मुलगी माझ्या शेजारी बसून भेंडीतल्या बिया वेगळ्या करत होती. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! वाटलं, चला, ह्या माणसाने एकदाचं आपल्याला मोजलं. त्याने काय मोजलं ते मला कळायला वसंत उजाडावा लागला.

शाळा पुन्हा उघडणार अशी बातमी आली. बायकोने मुलीची शाळेची बॅग काढली. महिनोन्‌महिने ती कपाटात पडून होती, कुणी हात लावला नव्हता, असं आम्ही समजत होतो. चेन उघडली तर आत पोळीचे वाळून कडक झालेले तुकडे होते. अर्धवट खाल्लेली बिस्किटं होती, बुरशी आलेलं चीज होतं, आणि पीटीच्या एका मोज्यात मूठभर शेंगदाणे गाठ मारून ठेवलेले होते. मी कामावरून आलो तेव्हा बायको लाँड्रीत, म्हणजे घरातल्या कपडे धुवायच्या खोलीत, जमिनीवर ते सगळं मांडून बसली होती, आणि मुलगी दाराशी उभी होती.

"हे काय आहे, बाळा?" मी विचारलं.

"इट्स फॉर लंच."

"लंचला आजोबा वाढतात ना?"

"ओन्ली इफ आय गेट इट राइट," ती म्हणाली. नवीन काही सांगत असल्यासारखा तिचा सूर नव्हता. तिला वाटत होतं, आम्हाला माहीत आहे.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जेवायच्या आधी एक पाढा, मराठीत. ती गणितात हुशार आहे, उत्तर तिला येतं, पण मराठी आकडे तिच्या जिभेवर बसत नाहीत. तेरा त्रिक विचारलं की ती म्हणायची थर्टी-नाइन. आजोबा म्हणायचे, मराठीत. ती कधी म्हणायची एकोणतीस, कधी एकोणपन्नास. "बट इट्स द सेम नंबर, आजोबा." मग काचेचं झाकण यायचं. ताटलीवर ठेवलं की ते आतून वाफेने भरायचं, भात दिसायचा बंद व्हायचा, आणि वाफ विरली की पुन्हा दिसायला लागायचा. तोवर आजोबा स्वतःचं जेवण उरकायचे. मग तिच्या ताटलीतलं गुपचूप कचऱ्यात, वर कागद. ओरडणं नाही, मारणं नाही, आईला सांगायचं नाही. मधल्या वेळात हाताला लागेल ते ती बॅगेत साठवायची.

"मी भिंतीपलीकडे होते," बायको म्हणाली. "मी रोज भिंतीपलीकडे होते." तिने दोनतीनदा तेच म्हटलं. पोर सडसडीत झाली होती ते आम्हाला दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. उंची वाढतेय, असं आम्ही एकमेकांना सांगितलं होतं.

अण्णा हॉलमध्ये सोफ्यावर बसून टॅबलेटवर मालिका बघत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो. माझ्या कपड्यांना राळेचा वास येत होता, तो कितीही धुतला तरी जात नाही. मी काय काय बोललो ते आता आठवत नाही, पण शेजारचा गोरा दार उघडून बाहेर आला होता एवढं आठवतं. अण्णांनी मालिका थांबवली आणि माझं संपेपर्यंत वाट बघितली.

"ओरडतोस कशाला?" ते म्हणाले. "तूच म्हणालास."

"काय म्हणालो मी?"

"उपाशी ठेवलं की गुण वाढतो. लॅबने मोजलंय. तुझ्या तोंडचे शब्द आहेत." मग आत बघून त्यांनी हाक मारली, "बाळ, सतराचा म्हण." आणि माझी मुलगी लाँड्रीच्या दारातून, हात बाजूला सरळ ठेवून, सतराचा पाढा म्हणायला लागली. न अडखळता. मी थांब म्हणेपर्यंत थांबली नाही.

"बघ," अण्णा म्हणाले. "तुझा दादा दहावीपर्यंत अडकत होता. हिला एका हिवाळ्यात आलं."

त्या क्षणी मला त्यांचा गळा धरावासा वाटला. ह्यात मी काही वाढवून सांगत नाही. बायकोने मला धरून बेडरूममध्ये नेलं. दुसऱ्या दिवसापासून मुलगी आईच्या शेजारी, कॅमेऱ्यात न दिसेल अशी, खुर्ची लावून जेवायला लागली, आणि अण्णा हॉलमध्ये एकटे. परत पाठवायचं तर खास विमानं अधूनमधून जात होती, पण आई गेल्यानंतर तिकडे त्यांना ठेवून घ्यायला कोण? मी पुण्याला दादाला फोन लावला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "इकडे पाठवू नकोस. माझ्याकडे माझी पोरं आहेत." पलीकडून त्याच्या चावण्याचा आवाज येत होता.

त्याच दिवसांत उपाशी रांग कापली. टक्केवारी आधी आली होती, वजन कापणी झाल्यावर आलं. टक्का खरा होता, त्यात खोट नव्हती. पण तो लावायचा कशाला? फुलं बोराएवढी, दांडे काडीसारखे, अख्ख्या रांगेचा माल एका क्रेटच्या तळाशी मावला. पोटभर रांगेत टक्का कमी होता, पण फुलंच इतकी होती की एकूण औषध तिच्यातून कितीतरी जास्त निघालं. मालाच्या हिशेबात खरी परवडली ती बेताची रांग. नत्र कापायचं, पण झाड आधी खाऊनपिऊन मोठं झाल्यावर, आणि तेही हात राखून. मॅनेजरने क्रेट हलवून बघितला. "वेल, दॅट्स अ बगर," म्हणाला, म्हणजे वाट लागली. गांजा असल्यामुळे तो साधा फेकताही येत नाही. कॅमेऱ्यासमोर चिरडून, त्यात दुसरा कचरा मिसळून नष्ट करावा लागतो. ते मी माझ्या हाताने केलं.

घरी येऊन मी तडक अण्णांसमोर बसलो. मला हे त्यांना सांगायचंच होतं, वाटेत मी वाक्यं जुळवली होती. म्हटलं, "टक्का वाढतो, अण्णा, कारण झाडच उरत नाही. खुरटतं. आम्ही ती रांग कचऱ्यात घातली."

"मग तू कसा इथवर आलास?" ते म्हणाले. "तो तुझा मॅनेजर तुला विचारून काम करतो. कुणामुळे?"

"तुम्ही सहा फूट आहात. मी आणि दादा तुमच्या खांद्याला लागतो."

"आईवर गेलात," अण्णा म्हणाले आणि टॅबलेटकडे वळले. ह्या माणसाशी मी आयुष्यात एकही वाद जिंकलेलो नाही, पुरावा हातात असूनही.

त्यांची पाठ दुखत होती ती हिवाळ्यापासूनच. ते सोफ्याला दोष द्यायचे. एक दिवस त्यांना उठताच येईना, तेव्हा हॉस्पिटलमध्ये नेलं. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला होता. बरं होण्यासारखं काही नव्हतं, फक्त दुखणं कमी करायचं होतं. मला वाईट वाटलं का? वाटलं, थोडं. बायकोला तेवढंही वाटलं नाही आणि तिने तसं सांगितलं. पण त्यांचं अंग पुसणं, कपडे बदलणं, गोळ्या देणं हे सगळं तिनेच केलं, तोंडातून एक शब्द न काढता. त्या गप्प राहण्याला अण्णा बिचकायचे.

ते जेवेनासे झाले. गोळ्यांनी दुखणं थोडं आवरायचं, पण मळमळ सुटायची. वरण पुढे केलं तरी मान फिरवायचे. सहा फुटांचा देह चादरीखाली कुठे आहे ते शोधावं लागायचं. डॉक्टरीणबाई व्हिडिओवर भेटायच्या. त्यांनी गांजाच्या तेलाची चिठ्ठी दिली. भूक लागेल, झोप लागेल, दुखणं थोडं सुसह्य होईल. डोकं जरा जड राहील, म्हणाल्या. बाटली आली. तिच्यावर टीएचसी किती आणि सीबीडी किती ते छापलेलं होतं. तो आकडा प्रत्येक बाटलीत तसाच यावा म्हणून माझ्यासारखे लोक दिवसभर पाण्यात खत मोजत बसतात.

"हे तुझ्या झाडांचं?" अण्णांनी विचारलं.

"आमच्या, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या."

"उपाशी ठेवलेल्या?"

"उपाशी ठेवलेली मी चिरडून टाकली, सांगितलं ना. हे पोटाला मिळालेल्या झाडांचं आहे."

त्यांनी तोंड उघडलं. तूप घातलेल्या चमचाभर पातळ भातात थेंब मोजून बायकोने तेल दिलं. चव वाईट असते. त्यांनी ते गिळलं आणि डोळे मिटून घेतले.

काही दिवसांत फरक पडला. ते झोपायला लागले. कण्हणं कमी झालं. बोलता बोलता मध्येच हरवायचे, दुकानातल्या एखाद्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं माझ्याशी बोलायचे, किती गोण्या पाहिजेत म्हणून विचारायचे. आणि एका संध्याकाळी, बाहेर अजून लख्ख ऊन होतं, कारण इकडे डिसेंबरात उन्हाळा, दिवस लवकर मावळतच नाही, ते स्वतःहून म्हणाले, "भूक लागली."

बायकोने चटकन मऊ भात केला. वर मेतकूट आणि तूप. मी त्यांना धरून टेबलाशी आणलं, मागे उशा लावल्या. ताटल्या मांडायचं काम मुलीचं. बॅग सापडल्यापासून ती आजोबांशी बोलत नव्हती, पण आम्ही सांगितलेली कामं करायची. तिने अण्णांची ताटली आणली, त्यांच्यापुढे ठेवली. अण्णांनी वास घेतला. मी त्यांच्या तोंडावर असा आनंद कधी बघितला नव्हता, खोटं कशाला बोलू. त्यांनी चमचा उचलला.

"आजोबा," मुलगी म्हणाली, "तेराचा."

अण्णांना आधी तो खेळ वाटला. ते हसले. "तेरा एके तेरा," ते म्हणाले. "तेरा दुणे सव्वीस. तेरा त्रिक..."

आणि थांबले. पुन्हा सुरुवात केली. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक. पुढे काही येईना. ह्या माणसाने जन्मभर गल्ल्यावर बसून कागद न वापरता हिशेब केले होते. तेल चढलं होतं, आकडा कुठे सापडत नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे.

मुलीने काचेचं झाकण आणलं आणि त्यांच्या भातावर ठेवलं. न रागावता, न आपटता, अगदी व्यवस्थित. मग स्वतःच्या खुर्चीत बसून ती जेवायला लागली. झाकण आतून वाफेने भरलं.

मी उठलो. अण्णांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना अजून वाटत होतं की येईल. ओठ हलत होते. मग चमचा खाली ठेवून ते म्हणाले, "मला भूक लागलीय गं."

"आय नो," ती म्हणाली.

त्यांचे डोळे भरून आले. ते पश्चात्तापाने आले असं मी म्हणणार नाही. भुकेने आले होते. त्यांनी टेबलाच्या कडेला हात घट्ट धरला आणि एकदम, सापडल्यासारखं, म्हणाले, "थर्टी-नाइन."

मुलीने घास गिळला. "मराठीत, आजोबा."

बायकोने तिच्यावर हात उगारला आणि तसाच खाली घेतला. मी झाकण उचललं, सिंकमध्ये ठेवलं, आणि चमचा अण्णांच्या हातात दिला. त्यांना तो तोंडापर्यंत नेता येईना, म्हणून मीच भरवायला लागलो. मुलगी आमच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा हळूहळू लाल झाला. मग ती खुर्ची मागे सारून उठली. ती आमच्याशी कायम इंग्लिशमध्ये बोलायची, पण ते मात्र तिने मराठीत म्हटलं, एकेक शब्द स्वच्छ, कुठेही न अडखळता.

"माझं झाकण कुणी काढलं नव्हतं."

तिच्या खोलीचं दार लागलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. अण्णांनी पुढच्या घासासाठी तोंड उघडलं, मी भरवला. त्या संध्याकाळी त्यांनी सगळा भात संपवला आणि आणखी मागितला.